चवदार तळ्याकाठी थोडं बसू या



महाड-पोलादपूरच्या डोंगरात राहणाऱ्या आपल्या बायकांची पाण्याशी ओळख हंड्यातूनच होते. पावसाळ्यात सावित्री दुथडी भरून वाहते आणि शिमगा सरला की विहिरीचा तळ दिसू लागतो. आपण पाण्यावर जातो ते भरायला, धुवायला, नाहीतर गुरांना पाजायला. नुसतं काठावर बसायला, वारा खायला, दोन गोष्टी बोलायला किती जणी जातो? म्हणून आमच्या बचत गटानं ठरवलं, वर्षातून एक दिवस सगळ्या जणींनी महाडला चवदार तळ्यावर जायचं.

तळं शहराच्या अगदी मधोमध आहे. चारही बाजूंनी बांधलेलं, उतरायला पायऱ्या, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. आज तिथं कुणीही बसतं. पण हे बसणं सहज मिळालेलं नाही.

1923 साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. तो मंजूर झाला. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही तळं सर्वांना खुलं केलं. पण ते कागदावर. प्रत्यक्षात पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मार्च 1927 मध्ये महाडला परिषद भरली, तेव्हा जमलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, आणि तळं तर जवळच भरलेलं होतं! 20 मार्चला बाबासाहेब सगळ्यांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यानंतर त्या लोकांवर हल्ला झाला, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेनं आपला ठरावही मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तो 1937 मध्ये. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं!

त्याच 1927 च्या डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले. 25 तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. त्या मुक्कामात ते खास बायकांशीही बोलले. नीटनेटकं राहा, मुलींना शिकवा, असं त्यांनी सांगितलं. म्हणून 25 डिसेंबर हा दिवस अनेक संघटना स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात.

आता आमच्या सहलीचं सांगतो. आमच्या गटात तीन वाड्यांतल्या बाया आहेत. पैसे एका पेटीत जातात, पण पाणी अजून एका तांब्यातून पिणं सगळ्या घरांत होत नाही. हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत मात्र कुणी नाही. म्हणून आम्ही एकच नियम केला. प्यायच्या पाण्याचा कॅन एकच, आणि तो भरून आणायचा त्या वाडीनं, जिच्या घरचं पाणी बाकीच्या पीत नाहीत. पहिल्या वर्षी दोघीजणी आल्याच नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांतली एक आली. काठावर बसून तिनं त्याच कॅनचं पाणी घेतलं. कुणी काही बोललं नाही, भाकरीचे डबे मात्र फिरत राहिले. आमच्यासाठी ती सहल तेवढ्यानं सार्थकी लागली.

तुम्हीही जा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च फार येत नाही. 20 मार्चला राज्यभरातून लोक येतात, फार गर्दी असते. तो सोहळा पाहायचा तर त्या दिवशी जा. निवांत बसायचं तर थंडीतला साधा वार निवडा. मनुस्मृती जाळली तिथला क्रांतिस्तंभ महाडातच आहे, तोही पाहा. वेळ उरला तर गांधारपाल्याची लेणी जवळच आहेत. म्हाताऱ्या बायांना सोबत न्या, पोरींना तर नक्कीच न्या. तळ्यात निर्माल्य, पिशव्या, कागद टाकू नका. आपला कचरा आपण परत आणायचा.

आणि घरी कुणी विचारलं, "तिथं काय काम होतं?" तर सांगा, काम काहीच नव्हतं. पाण्याकाठी सगळ्या मिळून बसलो होतो. तेवढं बसता यावं म्हणूनच तर तिथं एवढं सगळं घडलं.