हुडिनीचा खेळ कसा पाहावा

साहसाचे खेळ, बंधनातून सुटण्याचे प्रयोग आणि विनोद ही तिन्ही अंगे एकाच रंगमंचावर आणणाऱ्या कलावंतांमध्ये हॅरी हुडिनी याचे नाव आजही सर्वांत आधी घेतले जाते. परंतु कुलपे उघडण्याचे कसब म्हणजेच त्याची कला, हा रूढ समज तिच्या आस्वादाच्या आड येतो. कुलूप उघडणे ही कारागिरी आहे आणि निष्णात कुलूपवाल्यालाही ती साधते. हुडिनीची प्रतिभा दिसते ती प्रेक्षकांच्या वाट पाहण्याला आकार देण्यात, म्हणजे त्यांना काय दाखवायचे, काय झाकायचे आणि झाकलेले किती वेळ झाकून ठेवायचे, हे ठरवण्यात.

१८७४ मध्ये बुडापेस्ट येथे एका ज्यू धर्मगुरूच्या घरी जन्मलेला एरिक वाइस बालपणीच कुटुंबासह अमेरिकेत गेला, रॉबेर-हूदँ या फ्रेंच जादूगाराच्या नावावरून त्याने आपले रंगमंचावरील नाव बेतले, आणि पुढे काही वर्षे तो पत्त्यांचे व इतर किरकोळ जादूचे खेळ करत हिंडला. १८९९ मध्ये मार्टिन बेक या व्यवस्थापकाने त्याला हा पसारा आवरून सुटकेच्या प्रयोगांवर भर देण्याचा सल्ला दिला आणि व्हॉडव्हिलची नाट्यगृहे त्याच्यासाठी खुली केली. गायक, नकलाकार, कसरतपटू आणि शिकवलेले प्राणी यांचे छोटे छोटे कार्यक्रम ज्यात एकामागून एक सादर होत, तो करमणुकीचा प्रकार म्हणजे व्हॉडव्हिल. तेथे प्रत्येकाला मिळणारी मिनिटे मोजकी असत, आणि मिनिटांचा हिशेब हुडिनी तेथे पक्का शिकला.

त्याचा दुधाच्या डब्याचा प्रयोग या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. १९०८ मध्ये सेंट लुईस येथे प्रथम सादर झालेल्या या प्रयोगात माणूस मावेल एवढा पत्र्याचा डबा काठोकाठ पाण्याने भरला जाई, हुडिनी पोहण्याच्या पोशाखात त्यात उतरे, झाकणाला सहा कुलपे लागत आणि डब्यापुढे पडदा ओढला जाई. मात्र त्याआधी, झाकण न लावता, तो एकदा नुसताच पाण्याखाली जाई आणि प्रेक्षकांनाही आपल्याबरोबर श्वास रोखून धरायला सांगे. शेकडो माणसे गाल फुगवून बसत, अर्ध्या मिनिटात धापा टाकू लागत, शेजाऱ्याचा लालबुंद चेहरा पाहून हसत. हुडिनी मात्र अजून पाण्याखालीच असे. हा विनोद तोंडी लावण्यापुरता नव्हता. श्वास कोंडणे म्हणजे काय, हे प्रत्येकाच्या छातीला त्यातून कळलेले असे, आणि म्हणून कुलपे लागल्यानंतरचे प्रत्येक मिनिट प्रेक्षक स्वतःच्या देहाने मोजू लागत. हसू आणि धास्ती एकमेकांना इतकी उपयोगी पडल्याचे उदाहरण रंगभूमीवर क्वचितच सापडेल.

या डब्याचे रहस्य आता सर्वज्ञात आहे. कुलपे झाकणाला डब्याच्या गळ्याशी जखडत. पण तो गळाच खालच्या भागापासून सुटा होई, कारण त्याला जोडणारे दिसत ते रिव्हेट खोटे होते. त्यामुळे एकाही कुलपाला हात न लावता बाहेर पडता येई, आणि खरा प्रश्न बाहेर कसे यावे हा नसून प्रेक्षकांसमोर केव्हा यावे हा उरे. लवकर आल्यास संकट खोटे वाटते, फार उशीर झाल्यास कंटाळा येतो. या दोन टोकांमध्ये, शेजारी कुऱ्हाड घेऊन उभा असलेला मदतनीस चुळबुळू लागला आणि सभागृहातून आरडाओरडा सुरू झाला की प्रकट होण्याचा क्षण पिकत असे. रहस्य कळल्याने खेळाची गोडी जाते असे म्हणणाऱ्यांनी या प्रयोगाचा विचार अवश्य करावा.

याच्या अगदी उलट बाजूचा धडा वेड्यांच्या इस्पितळातील जाकिटाने दिला. हिंसक रुग्णाचे हात छातीवर घडी घालून, लांब बाह्या पाठीमागे पट्ट्यांनी आवळणारे हे जाड कापडाचे जाकीट हुडिनी सुरुवातीला पडद्याआड उतरवत असे आणि प्रेक्षकांना त्यात विशेष काही वाटत नसे. आतून कोणीतरी मदत केली असावी, एवढाच संशय त्यांना येई. त्याचा भाऊ हार्डीन, जो स्वतः हेच खेळ करी, त्याला उमगले की ही धडपड उघड्यावर व्हायला हवी. पुढे १९१५ पासून हुडिनी उंच इमारतींवरून उलटा टांगून घेऊन भर रस्त्यावर हे जाकीट उतरवू लागला. उलटे टांगल्याने काम अवघड झाल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात हात डोक्यावरून पलीकडे नेण्यास वजनाची मदतच होते. जत्रेतला डोंबारी दोरीवर मुद्दाम तोल गेल्यासारखे करतो, त्याच जातीची ही युक्ती आहे, फक्त येथे घाम आणि खरचटणे खरे असते.

पडदा आणि उघडी धडपड या दोन्हींचा मेळ १७ मार्च १९०४ रोजी लंडनच्या हिप्पोड्रोममध्ये दिसला. ‘मिरर’ या वृत्तपत्राने बर्मिंगहॅमच्या एका कारागिराने घडवलेल्या बेड्या पुढे करून आव्हान दिले होते. सुमारे ४,००० प्रेक्षकांसमोर हुडिनी एका लहानशा कापडी कक्षात शिरला आणि सुटायला त्याला तासाहून अधिक वेळ लागला; परंतु या वेळात तो अधूनमधून बाहेर येत राहिला. एकदा कुलूप उजेडात पाहण्यासाठी, एकदा गुडघे टेकायला उशी घेण्यासाठी, आणि एकदा, कोट काढता यावा म्हणून बेड्या क्षणभर सोडण्याची विनंती करण्यासाठी. ती नाकारली जाताच त्याने खिशातला चाकू काढून दातांनी उघडला आणि अंगावरचा कोट कापून फेकून दिला. सभागृह दणाणले. हे सारे आव्हान संगनमताचे होते असा संशय अनेक अभ्यासक घेतात, आणि तो खरा असल्यास नाट्यलेखक म्हणून हुडिनीची योग्यता वाढतेच.

तथापि धोका नेहमीच बेतलेला नसे. १९११ मध्ये लीड्स येथे एका मद्यनिर्मात्याच्या आव्हानावरून दुधाचा डबा बिअरने भरण्यात आला, आणि मद्याला स्पर्शही न करणारा हुडिनी त्यात इतका गुंगला की मदतनिसाला त्याला बाहेर ओढावे लागले. त्याच वर्षी त्याने नव्या काचपेटीचा प्रयोग साउथॅम्प्टन येथे एकांकिकेच्या रूपात अवघ्या एका प्रेक्षकासमोर केला, कारण जादूच्या युक्तीला मिळत नसलेले कायद्याचे संरक्षण नाटकाला मिळत असे. पाय खोड्यात अडकवून माणसाला उलटा पाण्यात सोडणारी ही पेटी १९१२ मध्ये बर्लिनच्या बुश सर्कशीत जाहीरपणे अवतरली. पडदा ओढलेला असताना वाद्यवृंद समुद्रतळाशी चिरनिद्रा घेणाऱ्या खलाशांचे त्या काळचे लोकप्रिय गीत वाजवी. ही निवड काहीशी भडक होती, पण सवंग नव्हती. वाट पाहणाऱ्यांच्या मनात काय चालावे, हे तिने ठरवून टाकले.

चित्रपटात ही कला टिकली नाही. १९२१ मध्ये हुडिनीने स्वतःची निर्मितिसंस्था काढली, दोन चित्रपट केले आणि पैसा गमावला. कारण ज्या माध्यमात दोन दृश्यांमधला वेळ कात्रीने कापता येतो, तेथे सुटकेला किती वेळ लागला याला काहीच किंमत उरत नाही. त्यानंतर १९२५ मध्ये त्याने संपूर्ण संध्याकाळ व्यापणारा तीन अंकी कार्यक्रम उभारला, ज्यात आधी जादू, मग सुटका आणि शेवटी मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या ‘माध्यमां’चे पितळ उघडे पाडणे असा क्रम होता. या अखेरच्या भागात तो प्रेक्षकांतून आलेल्या माणसाचे डोळे झाकून त्याला टेबलाशी बसवी, त्याचे हात स्वतःच्या हातात धरे, आणि बूट काढून पायांच्या बोटांनी टेबलाखालची घंटा वाजवी. घंटा ऐकून तो माणूस दचके. सभागृहाला मात्र हुडिनीचे पाय दिसत असत, आणि इतर वेळी पडद्याबाहेर ताटकळणारे तेच प्रेक्षक या वेळी पोट धरून हसत.