चित्रकलेच्या शाळेत जायचे तर



आज आपण एका अर्जाविषयी बोलू. हा अर्ज सोसायटीचा नाही, पिकाच्या विम्याचाही नाही. चित्रकलेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून करायचा हा अर्ज आहे.

“चित्रे काढून पोट भरते काय?” असे कोणी तरी मनात म्हणालेच असेल. आम्ही शाळेत असताना पालक हेच विचारीत. म्हणून आधी आपल्या धुळे जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो.

धुळ्याजवळ गोंदूर नावाचे गाव आहे. तेथे 19 फेब्रुवारी 1925 रोजी एका सुताराच्या घरी मुलगा जन्मला. नाव राम. घरची गरिबी. पण श्रीराम कृष्ण जोशी नावाच्या गुरुजींनी या मुलाचा हात ओळखला आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जाण्यास उत्तेजन दिले. ही शाळा 1857 साली निघाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी तिच्यासाठी 1 लाख रुपये दिले होते. तेथे रामने मूर्तिकामात मेयो सुवर्णपदक मिळवले. पुढे अजिंठा-वेरूळच्या जुन्या कोरीव कामाची दुरुस्ती केली. गुजरातेत नर्मदेकाठी सरदार पटेलांचा 182 मीटरांचा, म्हणजे जवळजवळ 600 फूट उंचीचा पुतळा 2018 साली उभा राहिला, तो याच राम सुतारांनी घडवला. सरकारने त्यांना 1999 साली पद्मश्री आणि 2016 साली पद्मभूषण दिले.

आता प्रत्येक पोरगे राम सुतार होत नाही, हे आम्हालाही कळते. पण कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावरचे चित्र कोणी तरी काढलेलेच असते ना? साडीची नक्षी, पुस्तकातली चित्रे, सिनेमातले देखावे ही सगळी शिकलेल्या हातांचीच कामे. शाळेतले चित्रकलेचे मास्तर तर तुम्ही पाहिलेच आहेत.

तर तयारी कशी करायची? पदवीसाठी बारावी पास व्हावे लागते. नंतर 4 वर्षांचे शिक्षण. प्रवेशासाठी सरकारी परीक्षा असते. तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र काढायला लावतात, आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारतात.

वस्तुचित्र म्हणजे समोर ठेवलेल्या वस्तूंचे चित्र. समजा, तांब्या ठेवला. तांब्याचे तोंड गोल असते हे आपल्याला ठाऊक आहे. पण जरा दूर बसून पाहा बरे! ते गोल दिसत नाही, लांबट चपटे दिसते. नवखा मुलगा त्याला ठाऊक असलेले काढतो. तयार झालेला मुलगा त्याला दिसते ते काढतो. हा फरक पडायला दोन-तीन वर्षे रोज हात चालावा लागतो. यासाठी महागडे सामान लागत नाही. भरताचे वांगे चुलीत घालण्याआधी अर्धा तास पोरापुढे ठेवा. उजेड कोठून येतो, वांगे कोठे चकाकते, सावली कोणत्या बाजूला पडते, हे त्याला पाहू द्या. मग खुशाल भरीत करा.

स्मरणचित्र म्हणजे पाहिलेले आठवून काढायचे. आठवडे बाजार, पोळ्याचे बैल, एसटीचे स्टँड असे विषय असतात. येथे आपले पोर शहरातल्या पोरापेक्षा मागे नाही, उलट पुढेच आहे. केळीचा घड खांद्यावर घेतला की माणूस कोणत्या बाजूला कलतो, हे रावेर-यावलच्या पोराला कोणी सांगावे लागत नाही. फक्त पाहताना नीट पाहायचे आणि घरी येऊन त्याच दिवशी वहीत काढायचे. कॅलेंडरावरचा देव नाही तर मोबाईलमधला नट हुबेहूब उतरवला, की आपण वाहवा करतो. करा, पण परीक्षेत ती नक्कल कामाला येत नाही.

संकल्पचित्र म्हणजे दिलेल्या चौकटीत नक्षी बसवणे आणि रंग भरणे. गोधडी शिवणाऱ्या आणि रांगोळी काढणाऱ्या बायांना यातले पुष्कळ कळते. म्हणून सांगतो, हे शिक्षण मुलींनाही खुले आहे. पोरीच्या हातातली वही भाकरीच्या वेळेला काढून घेता, तशी पोराच्या हातातली घेता काय? ज्याचे त्यानेच पाहावे.

याशिवाय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन परीक्षा शाळेतूनच देता येतात. त्या सरकारचे कला संचालनालय घेते. आठवी-नववीतच मास्तरांना विचारा, “आमच्या पोराचं नाव घातलं का?” इंटरमिजिएट पास झाले तर दहावीला श्रेणीप्रमाणे वाढीव गुण मिळतात. पण त्याहून मोठा लाभ हा, की ठरलेल्या वेळात चित्र पुरे करण्याची सवय लागते.

हाताची तयारी पोराने करायची. कागदांची तयारी मात्र आईबापांनी. रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि राखीव जागेचा हक्क असेल तर जातीचा दाखला लागतो. जात पडताळणीला तर कधी कधी महिने जातात. पुष्कळ घरी निकाल लागल्यावर तहसील कचेरीकडे धाव घेतात. तोवर मुदत संपते, आणि चांगला हात असलेले पोर घरी बसते. म्हणून अकरावीतच कागद हाती घ्यावेत.

अर्ज हल्ली इंटरनेटवर भरतात. सेवा केंद्रातला मुलगा तो भरून देईल. पण भरून झाल्यावर घाईने उठू नका. त्याच्याकडून कागदावर छापील प्रत मागा. ती इंग्रजीत असली, तर पोराला शेजारी बसवून मोठ्याने वाचून घ्या. पोराचे नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसेच आहे काय, जन्मतारीख बरोबर आहे काय, परीक्षेचे ठिकाण कोणते घातले आहे, हे एकेका ओळीवर बोट ठेवून पाहा. सगळे जुळले, की मगच त्याला “पाठव” म्हणा.