रिकाम्या जागेचा धनी कोण?



फ्रान्समधल्या पोटनिवडणुकांशी गगनबावड्याचे काय सोयरसुतक, असे आजचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल. परंतु हा प्रश्न आपल्या दाराशी येऊन गेलेला आहे. २३ मे २०२४ रोजी करवीरचे आमदार पी. एन. पाटील यांचे निधन झाले. आपला तालुका त्यांच्याच मतदारसंघात मोडतो. पुढचा आमदार निवडून आला तो २३ नोव्हेंबरला. मधले सहा महिने, म्हणजे घाटमाथ्यावरचा सगळा पावसाळा, विधानसभेतली आपली जागा रिकामी होती.

यात कायद्याचा भंग झाला नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१-अ असे सांगते की, जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी; मात्र मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल, तर ती घेण्याचे बंधन नाही. त्या विधानसभेची मुदत नोव्हेंबरातच संपत होती. तेव्हा आपण वाट पाहिली.

हेच फ्रान्समध्ये घडले असते, तर काय झाले असते? तेथे लोकसभेसारख्या सभागृहासाठी उभा राहणारा प्रत्येक उमेदवार आपल्याबरोबर एक बदली माणूस जाहीर करतो. फ्रेंच भाषेत त्याला ‘सुप्लेआं’ म्हणतात. सभासद मरण पावला, तर हा बदली माणूस त्याच्या जागी बसतो. निवडणूक होत नाही. ही तजवीज १९५८ च्या राज्यघटनेपासूनची आहे. त्या घटनेने मंत्र्याला सभासद राहण्यास मनाई केली. मंत्री झाला की जागा सोडायची, आणि तेथे बदली माणूस बसायचा.

आपल्याकडे याच्या अगदी उलट. मंत्र्याला सहा महिन्यांत संसदेचे सभासदत्व मिळवावेच लागते. १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. आपल्याकडे पोटनिवडणूक हे मंत्र्याला आत घेणारे दार ठरले; फ्रान्समध्ये मंत्र्यामुळे पोटनिवडणुकीची वेळ येऊ नये, अशी सोय झाली.

पोटनिवडणुकीत केवढे बळ असते, हे फ्रेंचांनी फार पूर्वी पाहिले होते. १८८८ साली जनरल बूलांजे नावाचा सेनानी एकामागून एक पोटनिवडणुकांना उभा राहू लागला. जानेवारी १८८९ मध्ये त्याने पॅरिस जिंकले, तेव्हा हा आता राज्यच ताब्यात घेतो की काय, अशी धास्ती पडली. त्याच वर्षी, एका माणसाने एकाहून अधिक ठिकाणी उभे राहू नये, असा कायदा झाला.

तरीही फ्रान्सने पोटनिवडणूक पुरती मोडीत काढलेली नाही. सभासदाने आपणहून राजीनामा दिला किंवा त्याची निवड रद्द ठरली, तर तीन महिन्यांत मतदारांकडे जावेच लागते. फक्त सभागृहाच्या अखेरच्या वर्षात नाही. आपणहून जागा सोडणाऱ्याला तेथे बदलीची सोय नाही. हे तत्त्व आपल्या शेजारच्या साताऱ्याने चांगले समजावून दिले आहे. उदयनराजे भोसले मे २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे खासदार झाले. सप्टेंबरात राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षात गेले. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली, आणि श्रीनिवास पाटलांनी त्यांचा ऐंशी हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. काही महिन्यांपूर्वी दिलेले मत मतदारांनी परत मागून घेतले.

आता कोणी म्हणेल, मरणाच्या प्रसंगी तरी फ्रेंचांची रीत बरी. खर्च नाही, प्रचाराची धामधूम नाही. हे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु आपल्याकडे तो बदली माणूस कोण असेल, याचा विचार करा. बहुधा घरातलाच! करवीरमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये पी. एन. पाटलांचे चिरंजीव राहुल पाटील उभे होते. चंद्रदीप नरके यांनी त्यांना दोन हजारांहूनही कमी मतांनी हरवले. याउलट कोल्हापूर उत्तरमध्ये आमदार चंद्रकांत जाधव यांच्या निधनानंतर एप्रिल २०२२ मध्ये पोटनिवडणूक झाली, आणि त्यांच्या पत्नी जयश्री जाधव निवडून आल्या. एकाच जिल्ह्यात एका ठिकाणी वारसाला होकार मिळाला, दुसऱ्या ठिकाणी नकार. विचारल्यावाचून हे दोन्ही कौल कुणाला कळले असते? म्हणून मी म्हणतो, रिकाम्या जागेचा धनी मतदार आहे. तेथे कोणी बसायचे ते त्यानेच सांगावे.

पण धन्याला विचारायचेच नाही आणि बदलीही द्यायचा नाही, ही तिसरी रीत सगळ्यांत वाईट. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी वारले. लोकसभेची मुदत तेव्हा वर्षाहून अधिक उरली होती. तरी पोटनिवडणूक झाली नाही. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती ताबडतोब घ्या असे फर्मावले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुणेकरांनी मतदान केले ते थेट १३ मे २०२४ रोजी, सार्वत्रिक निवडणुकीत. एवढ्या मोठ्या शहराला वर्षाहून अधिक काळ लोकसभेत आवाज नव्हता!

कायद्यात पळवाट आहे ती अशी : ठरल्या वेळात पोटनिवडणूक घेणे अवघड आहे, असे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले, तर सहा महिन्यांचे बंधन सुटते. युद्ध, महापूर, साथ अशा प्रसंगी ही सवलत हवीच. परंतु ती घेताना कारण मतदारांपुढे त्याच वेळी उघडपणे मांडले पाहिजे. न्यायालयात ओढल्यावर नव्हे. एवढी एक सुधारणा झाली, तरी पुष्कळ काम होईल.

आणि ती होईपर्यंत? पुण्यात नागरिक न्यायालयात गेले म्हणून निदान प्रश्न तरी उभा राहिला. आपली जागा रिकामी पडली की तहसील कचेरीपासून निवडणूक आयोगापर्यंत लेखी विचारावे : ‘आमची निवडणूक केव्हा?’ शेताच्या बांधावर कोणी अतिक्रमण केले, तर आपण गप्प बसत नाही. सभागृहातली जागाही आपलीच आहे. ती ओस पडली असता गप्प बसू नये, एवढीच माझी विनंती.