नवी पिल्लं आणि घरच्या जुन्या कोंबड्या

उमरेड, काटोल, पारशिवनी, कुठूनही फोन येवो, हल्ली प्रश्न एकच असतो. "डॉक्टरसाहेब, एक दिवसाची पिल्लं आणली, घरच्या आठ-दहा कोंबड्यांत सोडली. आठवड्यात निम्मी गेली. पिल्लंच खराब निघाली का?"

पिल्लं चांगली होती. मोठ्या कोंबड्यांत सोडली म्हणून गेली.

मोठ्या कोंबड्या पिल्लांना सांभाळून घेतील, हा गैरसमज कुठून येतो, ते मला कळतं. आपण सगळ्यांनी अंगणात खुडूक कोंबडी पाहिलेली आहे. २१ दिवस अंड्यांवर बसते, पिल्लं निघाली की त्यांना घेऊन उकिरड्यावर फिरते, आणि इतर कोंबड्या त्या पिल्लांच्या वाटेला जात नाहीत. जात नाहीत, कारण आई पंख फुगवून अंगावर धावते. ती माया खुडूक कोंबडीची असते, आणि ती ज्यांना आपली मानते त्या पिल्लांपुरतीच असते. बाकीच्या कोंबड्यांच्या लेखी परकं पिल्लू म्हणजे दाण्याला आलेला वाटेकरी. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला आईच नसते. त्याच्यासाठी धावून जाणारं कुणी नाही. ते काम आता तुमच्याकडे आलं आहे.

कोंबड्यांत मानपान असतो. कुणी आधी खायचं, कुणी कुणाला टोच मारायची, हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे या अभ्यासकानं १९२१ साली हे लिहून ठेवलं, पण कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही मावशीला ते ठाऊक असतं. नवा पक्षी आला की ही उतरंड मोडते आणि मारामारी करून पुन्हा लागते. दोन किलोच्या कोंबडीशी चाळीस ग्रॅमचं पिल्लू काय मारामारी करणार? आणि एकदा रक्त दिसलं की सगळ्याच कोंबड्या त्या जखमेवर टोचायला येतात.

पण टोच निदान दिसते. मला जास्त भीती आहे ती न दिसणाऱ्या गोष्टीची. तुमच्या जुन्या कोंबड्या धडधाकट आहेत, अंडी देतात, तरी त्यांच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे जंतू पडत असतात. त्या जंतूंची त्यांना सवय झालेली असते, पिल्लाला नसते. पिल्लू तीन ते सहा आठवड्यांचं असताना हा रोग सगळ्यात जास्त धरतो, त्यातून पावसाळ्यात पिल्लांखालची गादी ओली असेल तर विचारूच नका. मॅरेक्स रोगाचंही तसंच. त्याची लस पहिल्याच दिवशी टोचतात, पण ती अंगात मुरायला दिवस लागतात. त्याच दिवसांत तुम्ही पिल्लाला जुन्या खुराड्याच्या धुळीत सोडता. मग लस टोचून काय उपयोग? म्हणून सांगतो, लहान पिल्लं मोठ्यांत सोडू नका. एक दिवसाची नको, आठ दिवसांची नको, "आता पंख फुटले" म्हणून तीन आठवड्यांचीही नको.

आणि खाद्य. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. पिल्लाला साधारण एक टक्का पुरतं. एकाच भांड्यात खाऊ घातलं की जादा कॅल्शियमनं पिल्लाची मूत्रपिंडं खराब होतात. बाहेरून काही दिसत नाही. पिल्लू वाढत नाही, सुकत जातं, आणि दोष जातो पिल्लं देणाऱ्याला.

मग करायचं काय? पिल्लांची जागा वेगळी, शक्यतो जुन्या खुराड्यापासून लांब. रोज आधी पिल्लांचं दाणापाणी करा, मग मोठ्यांकडे जा. उलट केलंत तर रोग तुमच्याच चपलांना लागून जाईल. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ बल्बची ३५ अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा. पिल्लं एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, बल्बपासून पळून चोच उघडून बसली तर गरम होतं आहे. जानेवारीतल्या रात्री आपल्याकडे बल्ब लागतोच. मे महिन्याच्या दुपारी मात्र तो लावून पिल्लं भाजू नका! मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात, पुढच्या लसी तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून.

दहा-बारा आठवडे झाले, पिल्लं अंगानं मोठ्यांच्या जवळपास आली, की मध्ये जाळी लावून शेजारी ठेवा. दोन आठवडे एकमेकांना नुसतं पाहू द्या. मग संध्याकाळी, कोंबड्या दांडीवर बसल्या की सगळी पिल्लं एकदम आत सोडा. एकटं पिल्लू कधीच सोडू नका. दाण्याची आणि पाण्याची भांडी वाढवा, लांब लांब ठेवा. एक फळी भिंतीला तिरपी टेकवा, मागे लहान पक्ष्याला शिरता येईल आणि मोठ्या कोंबडीला येणार नाही एवढी. सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या, अंडी देणाऱ्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. डोक्यावर एखादी टोच बसली तर घाबरू नका. रक्त आलं, किंवा चौघी मिळून एकीला जेवू देईनात, तर तिला लगेच बाहेर काढा.

एक अपवाद आहे. घरात खुडूक कोंबडी पक्की बसलेली असेल, तर एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवता येतात. पहाटे उजाडायच्या आत तिच्याजवळ जाऊन बसा. स्वीकारलं तर उत्तम, टोच मारली तर तत्क्षणी उचला. आठवडाभराच्या पिल्लांवर हा प्रयोग करू नका.

मागे एक ताई मेलेली पिल्लं पिशवीत घालून घेऊन आल्या. बचत गटाचे पैसे होते. त्यांना रागावलो, आणि नंतर मलाच वाईट वाटलं, कारण त्यांना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आता तुम्ही ऐकलं आहे. पिल्लू मेलं तर उकिरड्यावर फेकू नका. पिशवीत बांधून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, कशानं मेलं ते तिथे तपासता येतं.

आणि या घडीला तुमची लहान पिल्लं मोठ्या कोंबड्यांत असतील, तर उद्याची वाट पाहू नका. रेडिओ चालू राहू द्या, पण उठा, पिल्लं टोपलीत घ्या आणि वेगळ्या खोलीत ठेवा.