अर्भकाचा श्वास आणि जन्मजात नासावरोध
(भोपाळ येथील व्याख्यानाचा सारांश)



नवजात अर्भक पहिले काही आठवडे प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. म्हणूनच नाकाची मागील दोन्ही द्वारे जन्मतः अस्थीने वा पडद्याने बंद असल्यास प्रसंग प्राणावर बेततो. सुमारे ७,००० जन्मांत एखाद्या बालकास हा विकार आढळतो. मुलींत त्याचे प्रमाण अधिक.

याचे लक्षण विलक्षण आहे. बाळ शांत असता किंवा अंगावर पिऊ लागताच निळे पडते. रडू लागले की तोंड उघडते आणि रंग पूर्ववत होतो. अशा वेळी नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरण्याचे भय असते. तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे नाकातून बारीक नळी घालून पाहतात. ती घशात न उतरल्यास शंका बळावते व सी. टी. स्कॅनने निदान निश्चित होते. तोवर तोंडावाटे श्वास चालू राखतात आणि पुढे दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करतात. मोकळा केलेला मार्ग पुन्हा आकुंचन पावू शकतो, म्हणून फेरतपासणी चुकवू नये. हृदय, डोळे व कान यांचीही परीक्षा करून घ्यावी.

एकच बाजू बंद असल्यास एका नाकपुडीतून वर्षानुवर्षे स्राव वाहतो आणि घरचे त्यास सर्दी समजतात.

आपल्या भोपाळात १९५५ साली स्थापन झालेल्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे हमीदिया रुग्णालय आहे; २०१२ पासून एम्सही आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी वेळीच ओळखावे, एवढीच विनंती.