होडी वाहते, गळ थांबतो



आज जाऊ या अमेरिकेत,
मिझुरी राज्यातल्या ओझार्क डोंगरांत.
तिथे करंट नावाची नदी आहे.
झऱ्यांवर पोसलेली, थंड, नितळ.

या नदीत स्मॉलमाउथ बास मासा मिळतो.
तो धरायचा वाहता वाहता.
सपाट बुडाची होडी प्रवाहावर सोडायची.
वल्हं फक्त दिशेपुरतं.

मग हा मासा असतो कुठे?
मोठ्या दगडामागे.
तिथे पाणी मंदावतं.
तो दबा धरून बसतो,
आणि प्रवाह त्याचं खाणं समोर आणतो.
क्रेफिश हा झिंग्यासारखा जीव म्हणजे त्याचा लाडका घास!

म्हणून गळ ऐन धारेत नको.
पुन्हा सांगते,
गळ टाकायचा दगडामागच्या संथ पाण्यात.
होडी पुढे सरकत राहते,
त्यामुळे एका दगडापाशी फार वेळ मिळत नाही.
मला तर खरी गंमत यातच वाटते.

वसंतात नर अंड्यांची राखण करतो.
त्याला उचललं, की इतर मासे अंडी फस्त करतात.
तळाशी घरटं दिसलं,
तर गळ आवरावा.

या नदीवर धरणं बांधायचे बेत होते.
पण १९६४ मध्ये कायदा झाला.
करंट आणि तिची उपनदी जॅक्स फोर्क,
दोघींना संरक्षण मिळालं.
होड्या आजही तिथे वाहत जातात.