अंगणातली शाळा



'आमच्या बालवाडीच्या बाई नुसतं खेळवतात, शिकवत काही नाहीत,' ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल, कदाचित केलीही असेल. आज त्या 'नुसतं'विषयी थोडं बोलू.

या खेळवण्याची गोष्ट जुनी आहे. 1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक समुद्रकिनाऱ्यावरच्या बोर्डी गावी आल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम झालेलं, दादरचा शिशुविहारही उभा केलेला. मॉन्टेसोरी पद्धत त्यांच्या हाताखालून गेलेली होती, पण तिची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग किनाऱ्यावरचे शिंपले, खडे, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. सोबतीला अनुताई वाघ होत्या. दलित वस्तीतली मुलं काही बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. आता अंगणवाडी म्हटलं की डोळ्यांपुढे खोली येते. अंगण फक्त नावात राहिलं.

1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं गुरं राखायला जात, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले. त्या शाळेला नाव पडलं कुरणशाळा. मला यात आवडतं ते हे, की निसर्गाची हौस म्हणून कुणी वर्ग बाहेर नेला नव्हता. मुलं बाहेर होती, म्हणून शाळा बाहेर गेली.

अशा अंगणात मुलं शिकतात काय? आता जरा चिंचोक्यांकडे बघा. चार वर्षांची मुलगी अंगणात फतकल मारून बसली आहे. पुढ्यात मूठभर चिंचोके. ती मोठे एकीकडे, बारीक दुसरीकडे करते. मग एकेक उचलून रांग लावते आणि मैत्रिणीच्या रांगेशी ताडून बघते. 'तुझे जास्त!' मैत्रीण रांग आखडून घेते, तरी चिंचोके तेवढेच राहतात. याचं हिला कोडं पडतं, आणि हे कोडं म्हणजेच गणित. पाटीवर शंभरदा एक गिरवून ते पडत नाही.

शिवाय अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चिंचोका धरणं म्हणजे पुढे पेन्सिल धरण्याची तालीम. या वयात मनगटातली काही हाडं अजून कूर्चेचीच असतात. अशा हाताकडून पानभर अक्षरं काढून घेतली की बोटं दुखतात, अक्षर वाकडं येतं आणि वर बोलणी खावी लागतात. माती मळणं, करवंटीने वाळू भरणं, फुलं ओवणं यांतून तोच हात तयार होतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यासाठी खेळ आणि कृती यांवरच भर आहे. आपण पालक मात्र अजून वही उघडून 'आज काय लिहिलं?' हेच विचारतो.

फ्लॅटमध्ये अंगण कुठून आणायचं, असं म्हणाल. गच्ची चालते, सोसायटीतल्या झाडाखालची जागा चालते. अर्धी बादली पाणी, दोन वाट्या, एक गाळणी दिलीत तरी मूल तासभर रमतं. कपडे भिजतील, ते वाळतात.

चिंच फोडाल तेव्हा चिंचोके टाकू नका, धुऊन डब्यात ठेवा. फक्त तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका. ती मोजत नाहीत, नाकात घालतात.